अंगठा लागत नाही: थम्ब मशीनसमोरची रोजची अडचण आणि ती सोडवायची कशी

“आजी, तुमचा अंगठा येत नाही. पुढच्या आठवड्यात या.”

निफाड तालुक्यात मी गेली अकरा वर्षं सेवा केंद्र चालवते. सुरुवातीच्या काळात हे वाक्य मी स्वतः कितीतरी वेळा बोलले आहे आणि त्याचं मला आज फार वाईट वाटतं. पुढच्या आठवड्यातही अंगठा तोच, काच तीच आणि उत्तरही तेच असायचं. मधल्या काळात आजीचा एक रोज बुडालेला, रिक्षाचे पैसे गेलेले, आणि आपल्याच हातात काहीतरी खोट आहे असं तिच्या मनानं घेतलेलं.

खोट हातात नसते. उजेड, काच आणि कातडी या तिघांचं एकमेकांशी जमत नसतं, आणि ते जमवून देणं हे मशीनमागे बसलेल्या माणसाचं काम आहे. रेशन, बँक मित्राकडून पैसे काढणं, पीएम किसानची ई-केवायसी, पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला, सगळीकडे बोटाचा ठसा आधारमधल्या ठशाशी जुळवणारी ही काच आडवी येते. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे. केंद्र आणि रेशन दुकान चालवणाऱ्यांसाठी तर आहेच, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलासुनांसाठीही आहे.

काच नक्की काय बघते

हा प्रयोग घरी करा. काचेचा साधा पारदर्शक ग्लास पाण्यानं भरून हातात धरा आणि वरून, पाण्यातून तिरकं, आतल्या भिंतीकडे बघा. भिंत चांदीसारखी चकाकते, पलीकडचं काही दिसत नाही. आता बाहेरून धरलेलं बोट किंचित दाबा. त्या चांदीवर तुमच्या बोटाची एकेक रेघ लख्ख उमटते, मधले चर चांदीचेच राहतात. मी केंद्रात येणाऱ्या मुलांना हे दाखवते आणि दर वेळी स्वतःही पुन्हा बघते.

थम्ब मशीनच्या पोटात हेच चालतं. खालून एलईडीचा उजेड काचेत तिरका सोडतात. उभ्या रेषेपासून साधारण ४२ अंशांपेक्षा जास्त तिरका आलेला उजेड काचेतून हवेत निसटू शकत नाही, आरशावरून फिरावा तसा परत फिरतो. बोटाचा उंचवटा जिथे काचेला चिकटतो तिथे मात्र तो कातडीत शिरतो, म्हणून ती जागा काळी दिसते. चरात हवा असते, तिथून उजेड परत येतो, ती जागा उजळ. खाली बसवलेला छोटा कॅमेरा याचा फोटो काढतो, इंचाला ५०० ठिपके, म्हणजे मिलिमीटरला सुमारे २०. दोन उंचवट्यांमधलं अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्या फोटोवरून रेघ कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, अशा खुणा काढल्या जातात आणि मुख्यतः त्या जुळवल्या जातात.

एवढं लक्षात घेतलं की निम्मं निदान आपोआप होतं. कोरडं बोट म्हणजे उंचवटा काचेला नीट चिकटतच नाही, त्यामुळे रेघ तुटक, ठिपक्याठिपक्यांची येते. ओलं बोट म्हणजे चरात हवेऐवजी पाणी, उजेड तिथूनही निसटतो आणि सगळा काळा डाग पडतो. झिजलेलं बोट म्हणजे उंचवटे आणि चर यांत फरकच उरलेला नाही. तिन्ही वेळा पडद्यावर शब्द सारखेच येतात, पण उपाय तिन्हींचे वेगळे. ‘पुन्हा लावा, जोरात दाबा’ हा यातल्या एकाचाही उपाय नाही.

पहिलं काम: क्रमांक वाचा

बोटाला हात लावण्याआधी पडद्यावरचा क्रमांक बघा. वेगवेगळ्या अ‍ॅपमध्ये शब्द वेगळे असतात, पण मूळ क्रमांक कुठेतरी कोपऱ्यात दिसतोच.

३०० आला तर ठसा गेला, पण साठवलेल्या ठशाशी जुळला नाही. खाली बोटांबद्दल जे लिहिलं आहे ते सगळं या ३०० साठी.

३३० म्हणजे त्या माणसानं, किंवा बहुधा त्याच्या शहरातल्या मुलानं, बायोमेट्रिक, म्हणजे बोटं-डोळे-चेहऱ्यावरून पटणारी ओळख, लॉक करून ठेवलं आहे. इथे बोट कितीही धुतलं तरी उपयोग शून्य. आधारच्या अ‍ॅपवरून किंवा आधारच्या संकेतस्थळावरून लॉक थोड्या वेळासाठी उघडता येतं, त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल हाताशी हवा. एका काकांना मी तासभर बसवून दहाही बोटं लावून घेतली होती आणि शेवटी कळलं की पुण्याच्या मुलानं गेल्या दिवाळीत लॉक लावलं होतं. तेव्हापासून क्रमांक आधी.

८११ म्हणजे ज्या प्रकारचा ठसा आपण पाठवतो आहोत तो त्या आधार क्रमांकावर साठवलेलाच नाही. हे लहानपणी आधार काढलेल्या मुलांमध्ये जास्त दिसतं. पाच वर्षांखालच्या मुलाचे ठसे घेतच नाहीत, ते ५ व्या आणि १५ व्या वर्षी अद्ययावत करायचे असतात. ते राहिलं असेल तर आधार केंद्राशिवाय मार्ग नाही.

७०० किंवा ७२० हा मशीनचा प्रश्न. वेळेत ठसा मिळाला नाही किंवा मशीन तयार नाही. फोनला जोडलेलं मशीन असेल तर सेटिंगमध्ये ओटीजी, म्हणजे फोनला बाहेरचं मशीन जोडण्याची सोय, चालू आहे का बघा, काही फोनमध्ये ते थोडा वेळ वापर नसला की आपोआप बंद होतं. मग वायरची पिन, मग आरडी सर्व्हिसचं, म्हणजे मशीनमधला ठसा पुढे पाठवणारं, अ‍ॅप बंद करून पुन्हा चालू. यातच काम होतं.

काच आणि तिची जागा

आमच्या केंद्रात सकाळी दहा ते साडेअकरा या वेळेत अडचणी जास्त यायच्या. मला वाटायचं सर्व्हरवर ताण असेल. एका दिवशी वैतागून मशीन उचलून कपाटाजवळ नेलं आणि अंगठे धडाधड लागायला लागले. पूर्वेच्या दारातून त्या वेळेत ऊन थेट काचेवर पडत होतं. कॅमेऱ्याला आतला एलईडी दिसण्याऐवजी बाहेरचा सूर्य दिसत होता. उन्हात मशीन लावावंच लागलं, तर दुसऱ्या हाताची किंवा वहीची सावली काचेवर धरा.

दुसरी गोष्ट, आधीच्या माणसाचा ठसा. घामट, तेलकट बोट उठलं की त्याच्या रेघा काचेवर राहतात आणि पुढच्या माणसाच्या ठशात मिसळतात. दर पाच-सहा माणसांनंतर मऊ सुती कापडानं पुसा. बऱ्याच मशीनच्या काचेवर सिलिकॉनचा पातळ, किंचित लवचिक थर असतो. कोरडी बोटं नीट चिकटावीत म्हणूनच तो दिलेला असतो. त्यावर सॅनिटायझर फवारू नका, नखानं खरवडू नका. पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा हलकेच चिकटवून उचलला की मळ निघतो आणि थर शाबूत राहतो. हा थर फाटला, फुगा आला, तर त्या जागेवरचा ठसा कायम बिघडतो. दोन-तीन वर्षं वापरलेलं मशीन तिरक्या उजेडात धरून बघा, ओरखडे दिसतील.

बोट: धुणं, पुसणं आणि हलका हात

कोरड्या बोटासाठी कोमट पाण्यानं हात धुऊन, पूर्ण पुसून, मग बोटाचं पोट कपाळावरून किंवा कानामागून एकदा फिरवायचं. अंगचं जे थोडं तेल लागतं तेवढं पुरतं. व्हॅसलिनचा थर चोपडून काचेवर बोट ठेवलं तर चर बुजतात आणि काच खराब होते ती वेगळीच. आदल्या रात्री हाताला खोबरेल तेल चोळून झोपायला सांगा, त्याचा फरक पडतो. हिवाळ्यात नोव्हेंबर ते जानेवारी माझ्या वहीत कोरड्या बोटांच्या नोंदी दुपटीनं वाढतात, आणि पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखलेही नेमके नोव्हेंबरमध्येच असतात.

ओल्या बोटासाठी काही नाही, कोरडं फडकं. पावसाळ्यात दारातच फडकं ठेवा.

आता दाब. हे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. आपण काय करतो, तर म्हाताऱ्या माणसाचं बोट आपल्या हातात धरून काचेवर दाबतो. म्हातारपणी कातडी सैल झालेली असते. दाबलं की उंचवटे पसरून एकमेकांना चिकटतात आणि चर नाहीसे होतात. शिवाय आपण बहुतेक वेळा बोटाचं टोक दाबतो. खुणा असतात त्या पोटाच्या मध्यभागी, जिथे रेघांचा भोवरा किंवा कमान असते. बोट आडवं, सपाट, नख वर, पहिल्या पेराची घडी काचेच्या कडेजवळ येईल असं ठेवायला सांगा आणि मग आपला हात काढून घ्या. “आजी, बाळाच्या गालावर ठेवतो तसं ठेवा,” असं मी म्हणते. त्यांना ते लगेच कळतं.

हाताला कंप असेल तर मनगट टेबलावर टेकवायचं आणि मशीन बोटाखाली सरकवायचं. माणसाला मशीनकडे वाकवायचं नाही.

अंगठाच कशाला

आपल्या भाषेत ‘अंगठा लावणे’ इतकं रुळलं आहे की दुकानदारही अंगठाच मागतो आणि माणूसही अंगठाच पुढे करतो. नोंदणीच्या वेळी दहाही बोटं घेतलेली असतात आणि त्यातलं कोणतंही चालतं. सही करणाऱ्या हाताचा अंगठा हा तर शरीरातला सगळ्यात झिजलेला अवयव. विळा, खुरपं, पाटा-वरवंटा, भांडी घासण्याची काथ्या, सगळ्यांचा जोर त्याच्यावर. तंबाखूत चुना मळणाऱ्या काकांचा उजवा अंगठा मी भिंगाखाली बघितला आहे. मधोमध गुळगुळीत, नव्या नाण्यासारखा.

म्हणून माझा क्रम असा: डावी अनामिका, उजवी अनामिका, डावं मधलं बोट, तर्जनी, आणि अंगठा शेवटी. करंगळी लहान असते, पण काम कमी करते, तीही सोडू नका. कोणतं बोट उत्तम येतं ते शोधण्याची ‘बेस्ट फिंगर डिटेक्शन’ नावाची सोय आधारच्या यंत्रणेत फार पूर्वीच आखलेली होती. आपल्याला ते हातानंच करता येतं. एकदा अर्धा तास काढून दहा बोटं लावून बघा आणि जे पहिल्या फटक्यात जुळलं ते लिहून ठेवा. मी रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात चिठ्ठी घालते.

एक काळजी मात्र घ्या, विशेषतः पैसे काढताना. ‘लागलं नाही, पुन्हा लावा’ असं कोणी म्हणालं तर पडद्यावरचा निकाल स्वतः बघितल्याशिवाय बोट ठेवू नका. न जुळल्याचा संदेश आणि पैसे निघाल्याचा संदेश यांत भोळी माणसं फसवली जातात. नापास झालेल्या व्यवहाराचीही पावती मागा. रबराच्या खोट्या ठशांनी पैसे काढण्याचे प्रकार रोखण्यासाठी फेब्रुवारी २०२३ पासून आधारनं रेघांच्या खुणांबरोबर बोटाचा पूर्ण फोटोही तपासायला सुरुवात केली. त्यामुळे बोट जिवंत आहे की नाही हे ओळखलं जातं. अर्धवट ठेवलेलं, कोपऱ्यात गेलेलं बोट त्यात चालत नाही, हेही मनात ठेवा.

दहाही बोटं येत नसतील तर

आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाचे डोळे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड या रसायनाची पेस्ट लावतात. त्या पंधरवड्यात मजूर बायकांच्या बोटांची सालं निघालेली असतात. गवंडीकाम करणाऱ्यांचं तसंच. सिमेंट अल्कलीधर्मी असतं, ते कातडीचा वरचा थर खातं. अशा वेळी ठसा कायमचा गेला असं समजून घाबरू नका. रेघांचा मूळ साचा कातडीच्या आतल्या थरात असतो आणि वरची कातडी साधारण महिनाभरात नवी येते. हातमोजे घालून किंवा ते काम थांबवून तीन-चार आठवडे गेले की बहुतेकांच्या रेघा परत दिसतात.

काही वेळा कारण औषधाचं असतं. कर्करोगावरच्या कॅपेसिटाबिनसारख्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात आणि ठसे पुसट होतात. घरात असे रुग्ण असतील तर त्यांना बोट लावण्यासाठी रांगेत उभं करूच नका. डोळा किंवा चेहरा वापरा.

देशातला पहिला आधार क्रमांक आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० ला दिला गेला. त्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ज्यांचे ठसे घेतले, त्या हातांनी मधल्या काळात किती कांदा काढला असेल. ठसे जुने झाले असतील तर आधार केंद्रावर बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्या. फक्त ऐन हंगामात, सोललेल्या बोटांनी जाऊ नका, नाहीतर खराब ठसाच साठवला जाईल. हात विसावलेले असतील असा महिना निवडा.

डोळा आणि चेहरा

बुबुळ तपासणारं मशीन आमच्याकडे कमी ठिकाणी दिसतं आणि याची मला खंत वाटते, कारण राबणाऱ्या हातांच्या माणसांसाठी ते सगळ्यात न्यायाचं आहे. आपले डोळे गडद तपकिरी. साध्या उजेडात बुबुळ सपाट काळं दिसतं, कारण त्यातलं रंगद्रव्य उजेड गिळून टाकतं. पण डोळ्याला न दिसणारा, लाल रंगाच्या पलीकडचा अवरक्त उजेड त्या रंगद्रव्यातून बराचसा पार जातो आणि खालचे धागे, खळगे, कडी स्पष्ट दिसतात. या नक्षीचं गणित केंब्रिजच्या जॉन डॉगमन यांनी मांडलं, त्याचं पेटंट १९९४ चं. चष्मा काढायचा, डोळे मोठे उघडायचे, उन्हात उभं राहायचं नाही, इतकंच.

चेहरा आता फोनवरच होतो. त्यासाठी आधार फेस आरडी नावाचं अ‍ॅप लागतं. पेन्शनवाल्यांच्या जीवन प्रमाणसाठी, म्हणजे हयातीच्या ऑनलाइन दाखल्यासाठी, ही सोय नोव्हेंबर २०२१ मध्ये आली, पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी जून २०२३ मध्ये. लेक मुंबईला आणि वडील गावाला असले तरी शेजारच्या पोराच्या फोनवर पाच मिनिटांत काम होतं.

ते होत नसेल तर पहिल्यांदा पुढच्या कॅमेऱ्याची काच पदरानं पुसा. खिशातल्या, पिठाच्या हातातल्या फोनच्या त्या टिकलीएवढ्या काचेवर तेलाचा पापुद्रा असतो आणि चेहरा धुक्यात दिसतो. दुसरं, माणसाच्या पाठीमागे उघडं दार किंवा खिडकी नको. आपली घरं आत अंधारी आणि दार उजेडाचं, त्यामुळे आपण माणसाला दाराकडे पाठ करून बसवतो आणि चेहरा काळा पडतो. त्याला दाराकडे तोंड करून बसवा. तिसरं, फोन डोळ्यांच्या उंचीवर, मागे शक्यतो कोरी भिंत. पडद्यावर सूचना आली की डोळ्यांची उघडझाप करायची असते, समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे हे त्यातून कळतं. मोतीबिंदू झालेल्या, कमी ऐकू येणाऱ्या माणसाला ती सूचना दिसतही नाही आणि आपण ओरडतो ती कळतही नाही. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवते आणि आधीच ठरवून सांगते, “थोपटलं की डोळे मिटा.”

आधारवरचा फोटोच पंधरा वर्षांपूर्वीचा, अंधुक असेल तर तो बदलून घ्या, जुळण्याची शक्यता बरीच वाढते.

पुढे काय येतंय तेही सांगते, कारण मला त्याची मनापासून वाट आहे. वेगवेगळ्या रंगांच्या उजेडात बोटाचा फोटो काढून कातडीखालच्या रेघा वाचणारी यंत्रं जगात आहेत. नेत्रतज्ज्ञ डोळ्याच्या आतल्या पडद्याचे थर बघायला जी ओसीटी तपासणी करतात, तोच उजेड बोटाच्या आतल्या थरातला मूळ साचाही दाखवतो, वरचा कितीही झिजला तरी. आणि काचेला स्पर्शच न करता, कॅमेऱ्यानं ठसा घेण्याच्या पद्धतीवर काम करण्यासाठी २०२३ मध्ये आधार प्राधिकरण आणि आपली आयआयटी मुंबई एकत्र आली.

तरीही जमलं नाही तर

माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवू नका. बोट जुळलं नाही या कारणावरून रेशन नाकारायचं नाही, असं केंद्राच्या अन्न आणि सार्वजनिक वितरण विभागानं २४ ऑक्टोबर २०१७ च्या पत्रात राज्यांना कळवलेलं आहे. दुकानदार ऐकत नसेल तर या तारखेचं नाव घ्या, तालुक्याच्या पुरवठा निरीक्षकांकडे लेखी द्या. आधारच्या तक्रारीसाठी १९४७ हा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. अर्जात ‘अंगठा लागत नाही’ एवढंच लिहू नका. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणती बोटं लावली, पडद्यावर कोणता क्रमांक आला, हे लिहा. ३०० लिहिलेल्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं.

सुरुवातीचं वाक्य मी ज्या आजींना म्हटलं होतं, त्या आता सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांच्या रेशनकार्डाच्या पाकिटात निळ्या शाईची चिठ्ठी आहे: “डावा हात, करंगळीशेजारचं बोट. धुवून, पुसून, कपाळाला लावून. दाबू नये.” मागच्या महिन्यात केंद्रात माझ्या जागी नवीन मुलगी बसली होती. आजींनी बोट पुढे करायच्या आधी तिला ती चिठ्ठी वाचायला दिली.